सीपीआर कसा द्यायचा, आणि उशीर नेमका कुठे होतो

माणूस अचानक कोसळला की आपल्याकडे पुढची चार-पाच मिनिटं बहुतेक ठरलेली असतात. एक जण तोंडावर पाणी मारतो. दुसरा तळपाय चोळायला घेतो. कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरतं. "वारा येऊ द्या, वारा येऊ द्या" म्हणत सगळेच आणखी जवळ सरकतात. मग एखादा जाणता गृहस्थ निकाल देतो, "अरे बघत काय बसलात, उचला, गाडीत घाला!" चौघं मिळून उचलतात, रिक्षाच्या मागच्या सीटवर कसंबसं आडवं करतात आणि निघतात. नुसती चक्कर आली असेल तर माणूस थोड्या वेळात आपोआप उठतो आणि श्रेय कांद्याला मिळतं. पण हृदय थांबलं असेल, तर एवढ्या धावपळीत त्याच्या मेंदूपर्यंत रक्त पोचलेलंच नसतं.

"अटॅक आला" हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी धमनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो. छातीत दाब, दरदरून घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अशा तक्रारी तो स्वतः सांगतो. त्याला सीपीआर (छातीवर दाब देऊन रक्त फिरवत ठेवणं) द्यायचा नसतो. बसवायचं, चालू द्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा. कार्डियक अरेस्ट म्हणजे हृदयाचं काम थांबणं. अनेकदा हृदयातली विजेची लय विस्कटते, हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, तसा तो विजेचा धक्का, बुडणं, गुदमरणं यांतूनही होतो. सीपीआर आहे तो या दुसऱ्या प्रकारासाठी.

मेंदूला रक्त मिळालं नाही तर साधारण चार ते सहा मिनिटांत पेशी कायमच्या निकामी व्हायला लागतात. सीपीआर आणि हृदयाची लय जाग्यावर आणणारा विजेचा शॉक यांपैकी काहीच मिळालं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. आता संध्याकाळी सातला पुण्यात किंवा ठाण्यात रुग्णवाहिकेला तुमच्या दारापर्यंत यायला किती वेळ लागेल, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. ती कितीही वेगाने आली, तरी पहिली मिनिटं शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्याच हातात असतात.

ओळखायचं कसं

दोन्ही खांद्यांवर जोरात थोपटा आणि मोठ्याने हाक मारा, "काका, ऐकू येतंय का?" प्रतिसाद नसेल तर छातीकडे बघा. नेहमीसारखा श्वास चालला आहे का? यासाठी जास्तीत जास्त दहा सेकंद. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या हाताला स्वतःच्याच बोटातले ठोके जाणवतात, आणि प्रशिक्षित माणसांचीही यात चूक होते. म्हणूनच सामान्य माणसाच्या प्रशिक्षणातून नाडी तपासणं काढून टाकलेलं आहे.

सगळ्यात मोठी फसगत होते ती "नेहमीसारखा" या शब्दाशी. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं बऱ्याच जणांचा श्वास पूर्ण बंद होत नाही. मधूनच आचका बसतो, तोंड उघडतं, घोरल्यासारखा किंवा घरघरल्यासारखा आवाज येतो, पुन्हा बराच वेळ काही नाही. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड हलतं. जमलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, "अजून श्वास चालू आहे, हात लावू नका." हा श्वास नव्हे. मेंदूच्या तळाशी शिल्लक असलेल्या पेशींची ती शेवटची धडपड असते, तिने फुप्फुसांचं काम भागत नाही. उलट असा आचका दिसला, तर हृदय थांबून फार वेळ झालेला नाही असं समजावं आणि त्या क्षणी छातीवर हात ठेवावेत. मला विचाराल तर सीपीआरमधली शिकण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. हात कुठे ठेवायचे ते चित्र बघूनही कळतं.

दुसरी फसगत फिटची. हृदय थांबताच मेंदूला प्राणवायू कमी पडतो आणि काही जणांना सुरुवातीला क्षणभर झटके येतात. लोक मिरगी समजून चप्पल नाहीतर किल्ल्यांचा जुडगा शोधू लागतात. (मिरगीतही त्याचा काही उपयोग नसतो, ते असो.) झटके थांबल्यावर माणूस नेहमीसारखा श्वास घेत नसेल, तर हृदय थांबलंय असं समजा आणि दाब सुरू करा.

शंका राहिलीच तरी? तर सुरू करा. हृदय चालू असलेल्या माणसाच्या छातीवर चुकून थोडा वेळ दाब दिला गेला, तर गंभीर इजा होण्याची शक्यता फार कमी असते. तो विव्हळेल, हात झटकेल, तुम्ही थांबाल. हृदय बंद असताना वाट बघत बसण्याची किंमत याहून कितीतरी मोठी आहे.

माणसं कामाला लावा

गर्दीत "अरे कोणीतरी फोन करा" म्हटलं की कोणीच करत नाही. बोट दाखवून सांगा, "निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा आणि स्पीकरवर ठेवा." १०८ लागला नाही तर ११२. दुसऱ्याला सांगा, जवळपास एईडी (हृदयाला शॉक देणारी पेटी) आहे का बघ. तिसऱ्याला सोसायटीच्या गेटवर पाठवा: गेट उघडं ठेव, लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेव, रुग्णवाहिका आली की वाट दाखव. इमारतीचं नाव, कोणती विंग आणि कितवा मजला हे फोनवर सांगायचं राहून जातं, आणि मग रुग्णवाहिका शेजारच्या गल्लीत फिरत राहते. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा आणि बोलता बोलता हात चालू करा.

हात कुठे, जोर किती

माणसाला जमिनीवर उताणं झोपवा. पलंगावर नको, गादी दबते, छाती दबत नाही. उशी काढा. त्याच्या छातीशेजारी गुडघे टेकून अगदी जवळ बसा. दोन स्तनाग्रांच्या मधोमध छातीचं जे सपाट हाड लागतं, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, म्हणजे मनगटाजवळचा भाग, ठेवा. त्यावर दुसरा हात, बोटं एकमेकांत गुंफलेली आणि बरगड्यांपासून उचललेली. कोपरं ताठ. खांदे बरोबर हातांच्या वर आणा आणि कमरेतून पुढे झुकत शरीराचा भार खाली सोडा. दंडाच्या ताकदीने दाबायला गेलात तर मिनिटभरात थकाल. भार वापरला तर चणीने लहान बाईसुद्धा धिप्पाड माणसाला नीट सीपीआर देऊ शकते.

मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर खाली जायला हवी, ६ च्या पुढे नको. म्हणजे सव्वादोन इंचांच्या आसपास. प्रत्यक्षात हे अंतर फार वाटतं. नवखी माणसं जवळपास नेहमीच कमी दाबतात, कारण माणसाला दुखेल असं वाटत राहतं. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. तीस दाब मोजले आणि १५ ते १८ सेकंद गेले, की वेग बरोबर आहे. उत्साहात लोक १४०-१५० वर जातात, त्याचा तोटाच होतो. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हात उचलायचे नाहीत, पण भारही ठेवायचा नाही. दाबताना हृदयातलं रक्त बाहेर जातं आणि छाती वर येताना ते पुन्हा भरतं. भरायला सवडच दिली नाही तर पुढच्या दाबाने बाहेर काय जाणार?

पहिल्या काही दाबांत 'कट्' असा आवाज येऊ शकतो. बरगडी मोडली, किंवा कूर्चेचा सांधा सुटला. मोठ्या माणसांत, विशेषतः वयस्करांत, हे नेहमी होतं. हातांची जागा बरोबर आहे ना ते एकदा बघा आणि चालू ठेवा. बरगडी काही आठवड्यांत जुळते.

आता न थांबण्याचं कारण. छातीवरच्या दाबाने नेहमीच्या तुलनेत जेमतेम पाव किंवा त्याहून थोडं अधिक-उणं रक्त फिरतं. एवढंही मिळण्यासाठी आधी धमन्यांत दाब चढावा लागतो, आणि तो एका फटक्यात चढत नाही. गावातला हापसा आठवा: पहिले काही हात नुसतेच मारावे लागतात, मग पाणी यायला लागतं, आणि मध्येच सोडलात तर पाणी खाली बसतं, पुन्हा पहिल्यापासून. इथेही तसंच. कपाळावरचा घाम पुसायला, फोनवर बोलायला, "काही फरक पडतोय का" बघायला थांबलात, की चढलेला दाब काही सेकंदांत घसरतो आणि खुद्द हृदयाच्या स्नायूला मिळणारं रक्त आधी तुटतं. म्हणून कोणत्याही कारणाने दहा सेकंदांपेक्षा जास्त खंड नको.

हे दमवणारं काम आहे. दोन मिनिटांत दाबांची खोली कमी होते आणि देणाऱ्याला ते जाणवतही नाही. त्यामुळे दर दोन मिनिटांनी माणूस बदला. पुढचा आधीच समोरच्या बाजूला गुडघ्यावर तयार बसलेला हवा. एकाने हात काढला, दुसऱ्याने ठेवला.

ही पद्धत फार जुनी नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विद्युत अभियंता विल्यम कॉवेनहोवन हृदयाला बाहेरून शॉक देण्याच्या यंत्रावर काम करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या गाय निकरबॉकर या तरुण अभियंत्याला दिसलं, की यंत्राचे जड पॅड कुत्र्याच्या छातीवर नुसते दाबून धरले तरी रक्तदाब थोडा वाढतो. शॉक नव्हे, नुसतं दाबणं! तोवर थांबलेलं हृदय चालवायला शल्यविशारद छाती उघडून ते हाताने दाबत असत. जेम्स ज्यूड या शल्यविशारदाला सोबत घेऊन १९६० मध्ये त्यांनी निबंध छापला, आणि यासाठी दोन हातांपलीकडे काही लागत नाही असं त्यात लिहिलं. त्याच शहरात पीटर साफार तोंडाने श्वास देण्याची पद्धत पक्की करत होते. दोन्ही जोडून आजचा सीपीआर झाला.

तोंडाने श्वास द्यायचा का?

अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायचं या कल्पनेनेच बरेच जण मागे सरतात. त्यांच्यासाठी चांगली बातमी: मोठा माणूस तुमच्या डोळ्यांदेखत अचानक कोसळला असेल, तर नुसते छातीवरचे दाब पुरतात. क्षणापूर्वीपर्यंत तो नीट श्वास घेत होता, त्याच्या रक्तात अजून काही मिनिटं पुरेल इतका प्राणवायू आहे, तो फक्त फिरवायचा आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये सामान्य लोकांसाठी हाच मार्ग सांगितला. आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये भारतातल्या सामान्य माणसासाठी काढलेल्या सूचनाही 'फक्त दाब' याच पद्धतीच्या आहेत. लोक जे करायला तयार होतील तेच शिकवावं, हा विचार मला शहाणपणाचा वाटतो.

पण जिथे आधी श्वास कोंडला आणि मग हृदय थांबलं, तिथे रक्तातला प्राणवायू संपलेला असतो, आणि नुसतं रक्त फिरवून भागत नाही. बुडालेला माणूस, गळफास, घशात काही अडकलेलं, आणि जवळजवळ सगळी लहान मुलं यात येतात. मण्यार किंवा नागाच्या दंशानेही श्वासाचे स्नायू लुळे पडतात. इथे ३० दाब आणि २ श्वास असा क्रम. कपाळावर हात ठेवून डोकं मागे झुकवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड घट्ट बसवून सेकंदभर श्वास सोडा. छाती वर आलेली दिसली पाहिजे, बस. जोराने फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी होते.

बुडालेल्याच्या बाबतीत आपल्याकडे एक खोड आहे: त्याला उलटं धरायचं, पोट दाबून पाणी काढायचं. विहिरीवर, तलावावर, विसर्जनाच्या घाटावर हेच चालतं. पोटातून पाणी येतं, बघणाऱ्यांना समाधान वाटतं. पण त्या पाण्याने श्वास अडलेला नसतो, आणि वर आलेलं पाणी फुप्फुसात शिरण्याचा धोका वाढतो. जमिनीवर घेतल्याबरोबर श्वास नसेल तर आधी श्वास द्या, मग दाब.

लहान मुलाच्या छातीची जाडी असेल तिच्या एक तृतीयांश खोल दाबायचं, साधारण ५ सेंटिमीटर, एका हाताने पुरलं तर एकाच. वर्षाखालच्या बाळाला दोन्ही हातांनी छातीभोवती धरून दोन अंगठ्यांनी ४ सेंटिमीटर. बाळाचं डोकं फार मागे झुकवायचं नाही, आणि श्वास देताना आपल्या तोंडात त्याचं नाक-तोंड दोन्ही येऊ द्यायचं.

विजेचा धक्का असेल तर आधी मेन स्विच बंद. शेतातल्या मोटरीवर, ओल्या भिंतीच्या कूलरवर माणूस चिकटला की धावत जाऊन ओढणारा दुसराही चिकटतो. महावितरणची तुटलेली तार असेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांबच थांबा. आकाशातली वीज पडली असेल तर गोष्ट वेगळी. त्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, लगेच हात लावता येतो. कित्येकदा हृदय आपोआप पुन्हा सुरू होतं, पण श्वास बंदच राहतो, म्हणून इथेही श्वास देणं मोलाचं. झाडाखाली चार-पाच जणांवर एकदम वीज पडली, तर जे विव्हळतायत ते बहुतेक जगणार आहेत. निपचित पडलेल्याकडे आधी वळा. अपघाताच्या इतर प्रसंगांच्या हे नेमकं उलटं आहे.

गर्भार बाईला सीपीआर देताना पोट मोठं असेल तर दुसऱ्या कोणीतरी दोन्ही हातांनी ते तिच्या डाव्या बाजूला सरकवून धरावं. नाहीतर गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबते आणि हृदयाकडे रक्त परतत नाही.

आणि बाईच कोसळली असेल तर? सार्वजनिक ठिकाणी बायकांना सीपीआर कमी वेळा मिळतो असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. आपल्याकडे काय होत असेल ते सांगायला अभ्यासाची गरज नाही. दाबांसाठी कपडे काढावे लागत नाहीत, साडीच्या पदरावरूनही दाब देता येतो. ओढणी किंवा चादर धरून दोन बायकांनी आडोसा करावा आणि काम सुरू करावं.

एईडी

सीपीआर वेळ मिळवून देतो. थरथरणाऱ्या हृदयाची लय जाग्यावर आणायला बहुधा शॉकच लागतो. एईडी ही त्यासाठीची छोटी पेटी. विमानतळांवर असते, काही मॉल, मेट्रो स्टेशनं आणि मोठ्या कचेऱ्यांतही दिसते. झाकण उघडून चालू केली की ती स्वतः बोलते. एक पॅड उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. इथे मात्र कपडा बाजूला करावा लागतो, अंग ओलं असेल तर पुसावं लागतं, मंगळसूत्र किंवा चेन पॅडखाली येऊ द्यायची नाही. शॉकची गरज आहे का ते यंत्र ठरवतं. गरज नसेल तर बटण दाबूनही देत नाही. शॉकच्या वेळी कोणी अंगाला हात लावायचा नाही, आणि शॉक गेला की लगेच दाब पुन्हा सुरू.

हे जगाने थेट बघितलं १२ जून २०२१ ला. कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामन्यात क्रिस्तियन एरिक्सन चालता चालता कोसळला. धक्का नाही, टक्कर नाही. मैदानावरच दाब, मग शॉक. बाहेर नेताना तो शुद्धीवर होता. पुढे त्याच्या छातीत लय बिघडली तर शॉक देणारं यंत्र बसवलं गेलं, आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने देशासाठी गोलही केला. त्याला उचलून गाडीत घातलं नव्हतं, जिथे पडला तिथेच उपचार सुरू झाले, एवढं त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं.

रिक्षात किंवा गाडीच्या मागच्या सीटवर धड दाब देता येत नाहीत, जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवताना तर मुळीच नाहीत. तेव्हा मदत येईपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम. हॉस्पिटल रस्त्यापलीकडे असेल तर तिथे माणूस पिटाळून स्ट्रेचर आणि डॉक्टर बोलावून घ्या.

व्हॉट्सॲपवर फिरणारा "एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोका" हा संदेश विसरून जा. हृदय थांबलेला माणूस खोकायला शुद्धीवरच नसतो, आणि शुद्धीवर असलेल्याने खोकण्याऐवजी १०८ लावावा. पोलिसांची भीती हाही एक अडसर. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने २०१९ पासून संरक्षण दिलं आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही, आणि प्रामाणिकपणे मदत करताना काही बरंवाईट झालं तर त्याबद्दल खटला नाही.

सगळं बरोबर करूनही बहुतेक वेळा माणूस वाचत नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेतसुद्धा हॉस्पिटलबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी सुमारे दहात एकच घरी परततो. सिनेमात चार दाबांत डोळे उघडतात, तसं प्रत्यक्षात क्वचितच घडतं. त्यामुळे पाच मिनिटांत काही झालं नाही म्हणून सोडून देऊ नका, आणि शेवटी काही झालं नाही तर दोष स्वतःला लावून घेऊ नका.

थांबायचं केव्हा? माणूस हालचाल करून नेहमीसारखा श्वास घ्यायला लागला, जाणकार हातांनी काम ताब्यात घेतलं, किंवा तुमच्या अंगात त्राणच उरलं नाही, तेव्हा. श्वास परत आला असेल आणि शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा, तोंड किंचित जमिनीकडे, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. नजर छातीवरच ठेवा, हृदय पुन्हा थांबू शकतं. रुग्णवाहिकेतले डॉक्टर आले की त्यांना चार गोष्टी सांगा: माणूस किती वाजता कोसळला, दाब केव्हा सुरू केले, शॉक दिला असेल तर किती, आणि घरच्यांना ठाऊक असतील ती त्याची औषधं. जमलं तर गोळ्यांची पिशवीच हातात द्या.